आपली एम्प्रेस नगरधनला होती

नागपुरात एम्प्रेस म्हटलं की जुन्या लोकांना मिल आठवते आणि पोरांना गांधीसागरजवळचा मॉल, आणि दोन्हीच्या मागं बाई एकच, व्हिक्टोरिया. 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत दरबार भरला, तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, आणि त्याच मुहूर्तावर जमशेटजी टाटांनी इथं मिल सुरू केली म्हणून नाव एम्प्रेस. बाई आयुष्यात एकदाही हिंदुस्थानात आली नाही, नागपूर तर सोडाच, पण आजही ऑटोवाल्याला नुसतं एम्प्रेस म्हणा, बरोबर नेऊन सोडतो.

आणि जिनं खरोखर इथं बसून राज्य चालवलं, तेही इथल्याच जमिनीवर, म्हणजे नागपूरहून पंचेचाळीसेक किलोमीटरवर, ती प्रभावतीगुप्ता आपल्यातल्या शंभरातल्या नव्वद जणांना माहीतच नाही. रामटेकला आपण सगळेच जातो, गड मंदिर, अंबाळा, खिंडसीला बोटिंग, येताना मनसरला नाश्ता, झालं. रामटेकपासून सहासात किलोमीटरवर नगरधनचा किल्ला आहे तिथंही लोक जातात, भोसल्यांचा किल्ला म्हणून फोटो काढून येतात. त्या नगरधनचं जुनं नाव नंदिवर्धन, तेव्हा विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याची राजधानी, आणि इसवी सन 400 च्या आगेमागे तिथला कारभार ही बाई बघत होती.

आता टेक्निकली ती एम्प्रेस नव्हती हे मान्य. सम्राटाची मुलगी आणि महाराजाची बायको. पण पुढचं वाचून तुम्हीच सांगा.

बाप म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, ज्याला आपण विक्रमादित्य म्हणतो, पाटलीपुत्राचा गुप्त सम्राट. आई कुबेरनागा, नाग घराण्यातली. पोरीला दिली वाकाटकांच्या दुसऱ्या रुद्रसेनाला, आणि हे काही पसंतीचं प्रकरण नव्हतं, सरळ राजकारण होतं, कारण चंद्रगुप्ताला गुजरात-माळव्यातल्या शक क्षत्रपांना, म्हणजे तिथल्या शक राजांना, उखडायचं होतं आणि नकाशा उघडून बघा, त्या लढाईच्या वेळी दक्षिणेच्या बाजूनं विदर्भातला राजा आपल्या बाजूचा असणं किती गरजेचं होतं ते लगेच कळतं. विरोधात गेला तर अडचण, मित्र असला तर निम्मं काम फत्ते. इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथनं शंभर वर्षांपूर्वीच हे लिहून ठेवलंय. पण पुढं रुद्रसेन लवकर गेला. मुलं लहान. थोरला दिवाकरसेन युवराज, आणि गादीचा कारभार आईकडं.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही राजघराण्यात सापडते. खरी मजा तिनं काढलेल्या ताम्रपटात आहे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या दानपत्रात.

हा ताम्रपट पुण्याचा ताम्रपट म्हणून ओळखला जातो, पण त्याचा पुण्याशी संबंध इतकाच की तो तिथं एका कुटुंबाकडं मिळाला, आणि ते कुटुंब मूळचं अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, आणि धंद्यानं तांबट. विचार करा राजेहो, तांब्याची भांडी घडवणाऱ्या घरात तांब्याचे दोन जाड पत्रे पिढ्यानपिढ्या पडून होते आणि कोणी ते वितळवले नाहीत! घरची ठेव म्हणून जपले. नंदिवर्धनहून निघालेला हुकूम नगरला कसा पोचला ते देव जाणे.

तर या ताम्रपटात सुरुवातीला वंशावळ आहे. दानपत्र दिलं की आधी आपला वंश सांगायचा ही पद्धतच. आता ही वाकाटकांची राणी, वाकाटकांच्या राजधानीतून, वाकाटकांच्या राज्यातलं गाव दान करून राहिली, तर वंशावळ कोणाची पाहिजे? वाकाटकांची ना? नाही. सुरुवात होते गुप्तांपासून. महाराज घटोत्कच, त्याचा मुलगा चंद्रगुप्त, त्याचा मुलगा कुमारदेवीच्या पोटी जन्मलेला समुद्रगुप्त ज्यानं अश्वमेध केले, त्याचा मुलगा चंद्रगुप्त, आणि त्याची दुहिता मी. गोत्रही माहेरचं, धारण. वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध, ते तिनं लावलंच नाही. आपल्याकडं लग्नपत्रिकेत नवरीकडच्यांची नावं मुलाकडच्यांच्या आधी छापली तरी मांडवात तोंडं वाकडी होतात, इथं तर सासरच्या आजे-पणज्यांची नावंच नाहीत. आणि सासर काही ऐरंगैरं नव्हतं हो, वाकाटकांच्या पहिल्या प्रवरसेनानं चार अश्वमेध केले होते आणि त्या घराण्यात सम्राट ही पदवी लावणारा तो एकटाच. त्याचासुद्धा उल्लेख नाही! सासरचा एकच माणूस येतो, नवरा, आणि तोही फक्त महाराज, बाप मात्र महाराजाधिराज.

मग स्वतःबद्दल लिहिते. उभयकुलालंकारभूता, म्हणजे दोन्ही कुळांना शोभा आणणारी. अत्यंतभगवद्भक्ता, म्हणजे विष्णूची मोठी भक्त. रुद्रसेनाची अग्रमहिषी, म्हणजे पट्टराणी. आणि युवराज दिवाकरसेनाची जननी. 'राज्य करणारी' असं कुठंच नाही. पण या ताम्रपटाच्या मुद्रेवर जो श्लोक आहे तो वाचला की काय ते कळतं:

वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः ।
जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम् ॥

वाकाटकांचा अलंकार, वंशपरंपरेनं ज्याच्याकडं राजलक्ष्मी आली त्या युवराजाच्या आईचं हे शासन, शत्रूंवर शासन करणारं. मला हा श्लोक लय आवडतो कारण यात सगळी चलाखी आहे. राजलक्ष्मी पोराची, घराणं पोराचं, अलंकारही पोरगाच, पण शासन आईचं. कोणी बोट ठेवायला जागाच ठेवली नाही.

आणि अजून एक बारीक गोष्ट. ताम्रपटावर वर्ष आहे तेरावं. म्हणजे तेरा वर्षं झाली तरी दिवाकरसेन युवराजच. नवरा गेला तेव्हा तो अगदी पाळण्यात असला तरी तेव्हा तेराचा असणार, आणि तसा नसला तर चांगला मिसरूड फुटलेला. राज्याभिषेक काहून केला नाही? यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत आणि पुढच्या लेखांत हा दिवाकरसेन गायबच होतो, नंतर तिच्याच दुसऱ्या मुलांची, दामोदरसेन आणि प्रवरसेन (हा वाकाटकांचा दुसरा प्रवरसेन) यांची, नावं येतात, बहुधा तो गादीवर बसायच्या आधीच वारला. पण एवढी वर्षं युवराजाची आई म्हणून कारभार चालतोय, महसूल येतोय, दानपत्रं निघतायत, कोणी दीर-पुतण्या उठून गादी बळकावत नाही, हे आपोआप होत नसतं. तेही जिथं नात्यातली दुसरी शाखा तिकडं वत्सगुल्मला, म्हणजे वाशीमला, बसलेली आहे.

(वाशीमवरून आठवलं, आमचा एक वाशीमचा मित्र आहे, त्याच्याशी बोलताना वाकाटक शब्द काढायची सोय नाही, लगेच "अजंठा आमच्या हरिषेणानं केली, तुमच्या नंदिवर्धनवाल्यांनी काय केलं" सुरू होतं. बरोबर आहे त्याचं, अजंठ्याच्या उत्तम लेण्या त्या शाखेच्या काळातल्या. पण आमच्याकडं प्रभावती आहे ना बाप्पा.)

आता जुन्या पुस्तकांत तिच्याबद्दल एक ठरलेलं वाक्य असतं, की तिच्या काळात वाकाटकांचं राज्य म्हणजे गुप्तांचा एक प्रांतच झाला, बापानं पाटलीपुत्राहून अधिकारी पाठवले आणि ते कारभार बघत होते. मला हे पूर्ण पटत नाही. माहेरचा प्रभाव होताच, कोण नाही म्हणतं, त्या ताम्रपटाची लिपीसुद्धा वाकाटकांच्या नेहमीच्या पेटिकाशीर्ष लिपीसारखी नाही, म्हणजे अक्षराच्या डोक्यावर ती चौकोनी पेटी असते तशी नाही, खिळ्याच्या डोक्यासारखी आहे, उत्तरेकडच्या वळणाची. म्हणजे लिहिणारा कारकून तिकडून आलेला असू शकतो. पण त्याच ताम्रपटावर काळ कोणता टाकलाय? गुप्त संवत, म्हणजे गुप्तांची कालगणना, नाही! युवराजाच्या कारभाराचं तेरावं वर्ष. गुप्तांचे खरे मांडलिक गुप्त संवत वापरायचे, वाकाटकांच्या एकाही ताम्रपटात तो नाही, हिच्याही नाही. बापाचं नाव मोठ्या अक्षरात आणि कॅलेंडर आपलं. मला तर वाटतं बापाच्या नावाचा जेवढा उपयोग तिनं करून घेतला तेवढा बापानं तिचा करून घेतला नसेल. विधवा बाई, लहान पोरं, आजूबाजूला नातेवाईक. अशा वेळी प्रत्येक हुकमाच्या पहिल्या ओळीत हिंदुस्थानातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचं नाव असणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पुढं दुसऱ्या प्रवरसेनाचे स्वतःचे ताम्रपट निघाले त्यात बरोबर वाकाटकांची वंशावळ पहिली आली आणि आजोबाचं नाव आईच्या नावासोबत शेवटी. त्याला त्या नावाची तेवढी गरज उरली नव्हती.

बरं, दान काय दिलं? दंगुण नावाचं गाव, चनालस्वामी नावाच्या आचार्याला. वा. वि. मिराशींनी हे गाव म्हणजे आजचं हिंगणघाट असावं असं मांडलंय. (मिराशी म्हणजे नागपूरचेच, वाकाटकांचे लेख एकत्र करून छापायचं प्रचंड काम त्यांनी केलं, 1963 साली तो ग्रंथ आला, आणि आज विदर्भात वाकाटकांबद्दल जो कोणी बोलतो तो त्यांच्याच जिवावर बोलतो, मीसुद्धा.) दानपत्रात गावाला काय काय माफ केलं त्याची यादी आहे आणि मला वंशावळीपेक्षाही ती जास्त आवडते. सैनिकांनी गावात शिरायचं नाही. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना जनावरांसाठी चारा, बसायला कातडी, शेकोटीला कोळसा द्यायची गरज नाही. फुलं आणि दूध मागायचं नाही. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर ते दान घेणाऱ्याचं. म्हणजे उलट वाचलं तर बाकीच्या गावांत काय चालत असेल ते दिसतं, साहेब आला की कोळसा आण, दूध आण, फुलं आण. यादी वाकाटकांच्या दानपत्रांत ठरलेली असायची, तिनं शोधून काढली असं नाही, पण सोळाशे वर्षांपूर्वी हिंगणघाटच्या बाजूला कोणाच्या अंगणातून काय उचललं जात होतं ते आपल्याला यातूनच कळतं.

तिथीही लिहिली आहे, कार्तिक शुद्ध द्वादशी. म्हणजे प्रबोधिनी एकादशीचा दुसरा दिवस. भगवद्भक्त बाई, एकादशी केली असणार आणि द्वादशीला दान सोडलं. आणि रामटेकची मोठी यात्रा कधी भरते? त्रिपुरी पौर्णिमेला, त्याच्या तीन दिवसांनी. यात्रेचा धागा तिच्यापर्यंत जातो असा दावा मी करत नाही हां, पुरावा काही नाही, पण वाचताना अंगावर काटा येतो हे खरं.

धर्माच्या बाबतीत तिनं केलेला बदल तर डोळ्यांना दिसतो. वाकाटक मूळचे शैव, रुद्रसेन पहिला हा महाभैरवाचा भक्त, नवऱ्याचा बाप पृथ्वीषेण माहेश्वर, म्हणजे शिवभक्तच. आणि प्रभावतीचा नवरा? चक्रपाणीचा, म्हणजे विष्णूचा भक्त. गुप्त परमभागवत, म्हणजे विष्णूचे भक्त, बायको अत्यंतभगवद्भक्ता, तर हा बदल कोणामुळं झाला असेल ते ओळखायला फार डोकं लागत नाही. रामटेकच्या टेकडीवर केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, वराह, त्रिविक्रम अशी विष्णूच्या अवतारांची जी रांग आहे ती वाकाटक काळातली. तिचा दुसरा ताम्रपट, रिद्धपूरचा, हा तर रामगिरीस्वामीच्या पायाशी बसून दिलेला आहे, रामगिरी म्हणजे रामटेक. तोपर्यंत धाकटा प्रवरसेन गादीवर येऊन एकोणीस वर्षं झाली होती, म्हणजे पोरगा चांगला जमलेला राजा, तरी आई स्वतःच्या नावानं जमीन देऊन राहिली! आणि गोत्र तेव्हाही धारणच. म्हणजे पोरांच्या वतीनं कारभार बघणं संपलं, पण बाईचा शब्द गेला नाही.

हा ताम्रपट ज्या रिद्धपूरला मिळाला तेच महानुभावांचं रिद्धपूर, गोविंदप्रभूंचं, जिथं आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय. आणि त्या प्रवरसेनानं स्वतः सेतुबंध नावाचं काव्य लिहिलं, महाराष्ट्री प्राकृतात, रामानं समुद्रावर पूल बांधून लंकेला जाण्याचं. तो स्वतःला शिवभक्त म्हणवतो, आईच्या वाटेनं गेला नाही, परत आजोबा पृथ्वीषेणाच्या शैव वळणावर आला. पण लिहायला बसला तर विषय कोणता निघाला? रामाचा. रामगिरीच्या पायथ्याशी आईच्या हाताखाली वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार. एका जुन्या टीकाकारानं तर लिहून ठेवलंय की विक्रमादित्याच्या सांगण्यावरून कालिदासानं हे काव्य प्रवरसेनासाठी रचलं. कालिदास खरंच नंदिवर्धनला आला होता का यावर वाद आहेत, पण मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक हे मिराशींनी जोर लावून मांडलं आणि आपण सगळ्यांनी ते आनंदानं धरलं, स्मारक आहे, संस्कृत विद्यापीठ आहे, दरवर्षी महोत्सव होतो. म्हणजे आला की नाही हे नक्की नाही त्या कवीच्या नावानं एवढं सगळं, आणि जी नक्की होती तिच्या नावानं काय?

याबाबतीत आपल्या शहराची मला गंमतच वाटते. तान्ह्या पोळ्याला काळी मारबत, म्हणजे मोठा पुतळा, निघते, इडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणून आपण ओरडतो, आणि ती काळी मारबत म्हणजे बाकाबाई असं लोक सांगतात. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी, तीही कारभारात वजन असलेलीच बाई, 1857 ला इंग्रजांच्या बाजूनं राहिली हा तिच्यावरचा राग. राग योग्य की अयोग्य हा वेगळा विषय, पण तिचं नाव दरवर्षी निघतं आणि दरवर्षी जळतं. प्रभावतीला तेवढंही नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही.

मात्र 2015 ते 2018 च्या दरम्यान राज्याच्या पुरातत्त्व विभागानं आणि डेक्कन कॉलेजनं नगरधनला खोदकाम केलं आणि त्यात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, ब्राह्मीत तिचं नाव आणि सोबत शंख. सहा ग्रॅमच्या आसपास वजन, साडेतीन सेंटीमीटर लांब, म्हणजे शर्टाच्या खिशात पडली तर कळणार नाही. ताम्रपट दानाचा असतो, तो जपून ठेवायलाच केलेला असतो. ही मुद्रा रोजच्या कामाची, पाठवलेल्या वस्तूवर किंवा पत्रावर ओल्या मातीवर उमटवायची आणि पोचलं की तोडून फेकायची. म्हणजे नुसती दानधर्म करणारी बाई नव्हती, तिच्या नावानं ऑफिस चालत होतं, येणंजाणं होतं. आणि चिन्ह शंखाचं, विष्णूचं. त्याच खोदकामात मातीची कर्णभूषणं, काचेच्या वस्तू, गणपतीची साधी मूर्ती, शेळ्यामेंढ्या-डुकरं-कोंबड्यांची हाडं असं सगळं निघालं, म्हणजे राजधानीत लोक काय घालत होते, काय खात होते तेही हाताला लागलं.

आता तिच्या मुलीबद्दल, कारण ती नेहमी राहून जाते. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरात भिंतीत एक शिलालेख आहे, 1980 च्या दशकात उजेडात आला, बराच झिजलेला, ओळीच्या ओळी तुटलेल्या. हॅन्स बॅकर नावाच्या डच अभ्यासकानं आणि इतरांनी तो लावायचा प्रयत्न केला, त्यातून जी गोष्ट निघते ती अशी की प्रभावतीची मुलगी तिच्या मामाला, घटोत्कचगुप्ताला, दिली होती, म्हणजे परत माहेर-सासर तेच, पुढं ती विधवा झाली आणि भावानं तिला इकडं आणलं, आणि मग तिनं आईच्या स्मरणार्थ देऊळ बांधलं, देवाचं नाव प्रभावतीस्वामी. म्हणजे देवालाच आईचं नाव.

आत मूर्ती आहे ती भलीमोठी नृसिंहाची, दोनच हात, एका हातात चक्र, मांडीवर हिरण्यकशिपू वगैरे काही नाही, नुसता बसलेला. गडावर जाताना शंभरपैकी नव्वद लोक समोरून निघून जातात कारण वर रामाचं दर्शन, खाली माकडं आणि मध्ये ऊन. तुम्ही जाल तेव्हा दुपार टाळा आणि शिलालेख बघायला मोबाइलचा टॉर्च समोरून मारू नका, बाजूनं तिरपा धरा, तेव्हाच अक्षरं थोडी उठतात. आणि नगरधन त्याच दिवशी करून टाका, परत कोण येतंय.